तीन तारांचा इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा विषय इतिहास होता आणि बखरीपेक्षा हिशेबाच्या चिठोऱ्यावर त्यांचा विश्वास अधिक होता. त्यांच्या नावाने भरलेल्या सभेत संगणकाविषयी बोलावयास कोणी उभा राहिला, तर श्रोत्यांच्या भुवया उंचावणे साहजिक आहे. परंतु मी आज नव्या संगणकाविषयी बोलणार नाही. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यातील कचेऱ्यांत, पेढ्यांत आणि जिनिंगच्या आवारांत जी यंत्रे आली, काही वर्षे राबली आणि मग पोत्याखाली झाकली गेली, त्यांच्या पोटात अडकलेल्या कागदपत्रांविषयी मला बोलावयाचे आहे. या कागदपत्रांपर्यंत पोहोचण्याची वाट पुष्कळदा यंत्राच्या पाठीमागच्या एका लहानशा तोंडातून जाते. त्या तोंडाला आजचा संगणक जोडावयाचा तर तीन तारा पुरतात. मात्र त्या तीन तारांमागे जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास उभा आहे.

आपला जिल्हा हा कागदांच्या बाबतीत प्रथमपासूनच चमत्कारिक. निजामाच्या राजवटीत सरकारी दप्तर उर्दूत, घरातले जुने मराठी कागद मोडीत, आणि बाजारातला व्यवहार तेलुगू, मराठी, गोंडी अशा मिश्रणात. १९४८ साली संस्थान भारतात आले. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा किनवट आणि राजुरा हे भाग आदिलाबादेतून निघून मुंबई राज्यात गेले, आणि आपण आंध्र प्रदेशात राहिलो. २०१४ साली तेलंगण झाले. २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार तुकडे होऊन आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कुमरम भीम आसिफाबाद असे जिल्हे झाले. प्रत्येक वाटणीत कपाटे हलली. कपाट हलते तेव्हा काय होते, हे इतिहासाच्या अभ्यासकास सांगावयास नको. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला व पुढे बावीस खंड सिद्ध केले, ते गावोगाव हिंडून, माळ्यावरची रुमाले सोडवून. तेव्हा कागद होते आणि वाचणारेही होते. पुढे मोडी शाळेतून गेली आणि कागद असूनही ते वाचणारा मिळेना. मी ज्या यंत्रांविषयी बोलत आहे त्यांची अवस्था याहून बिकट आहे. मोडीचा कागद शंभर वर्षे वाट पाहू शकतो. चुंबकीय तबकडी तशी वाट पाहत नाही.

आता त्या मागच्या तोंडाकडे वळू.

तारायंत्राच्या प्रारंभीच्या काळात संदेश जाई तो माणसाच्या हाताने आणि कानाने. मोर्सच्या लिपीत अक्षरांची लांबी सारखी नसते, त्यामुळे ती ऐकणाऱ्या कानास सोयीची, यंत्रास गैरसोयीची. फ्रान्समधील तारखात्याचे अधिकारी एमिल बोदो यांनी १८७४ साली प्रत्येक अक्षरास पाचच खुणा देणारी पद्धती काढली. खुणा पाच, आणि प्रत्येक खूण आहे किंवा नाही, म्हणजे बत्तीस जोड्या झाल्या. रोमन वर्णमालेस हे कसेबसे पुरले. आपण आजही वेग मोजताना ‘बॉड’ हे माप वापरतो ते याच बोदोच्या नावाचे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत आणखी एक युक्ती निघाली, ती म्हणजे प्रत्येक अक्षराच्या आरंभी एक ‘सुरू’ची खूण आणि शेवटी एक ‘थांब’ची खूण पाठवावयाची. पाठविणारे आणि घेणारे यंत्र कायमचे एका तालात चालविण्याची गरज उरली नाही, एका अक्षरापुरता ताल जमला की पुरे. दूरमुद्रक उभा राहिला तो या युक्तीवर. आणि मला सर्वांत नवल वाटते ते याचे, की ती युक्ती मुळीच बदललेली नाही. १९९० सालच्या संगणकाच्या पाठीमागून जे अक्षर बाहेर पडे, तेही पुढे ‘सुरू’ आणि मागे ‘थांब’ असे दोन भालदार-चोपदार घेऊनच पडे.

आपल्या देशात १९६० साली मद्रासला हिंदुस्थान टेलिप्रिंटर्स हा सरकारी कारखाना निघाला. त्यापूर्वीच, १९५४ साली, दादासाहेब आपटे यांनी स्थापन केलेल्या ‘हिंदुस्थान समाचार’ या वृत्तसंस्थेने देवनागरी दूरमुद्रकावरून बातम्या देण्यास प्रारंभ केला होता. तारेवरून देवनागरी जाऊ शकते हे त्या एका उद्योगाने सिद्ध केले. त्या संस्थेच्या राजकीय धाग्यादोऱ्यांविषयी मतभेद असतील, पण त्यासाठी हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

१९६० सालीच अमेरिकेत यंत्रांची जोडणी कशी करावी याचा एक मानक संकेत ठरला. त्याचे नाव आर-एस २३२. त्याची पुढे रूढ झालेली आवृत्ती १९६९ सालची. मूळ हेतू असा, की संगणक वा दूरमुद्रक एका बाजूस आणि टेलिफोनच्या तारेवर बोलणारा मोडेम दुसऱ्या बाजूस, यांच्यामधील पंचवीस काट्यांची जोडणी सर्वत्र सारखी असावी. त्या काळच्या संगणकास पडदा नसे. टेलिटाइप कंपनीचा १९६३ सालचा तेहतीस क्रमांकाचा दूरमुद्रक खडखडत समोर उभा असे आणि सेकंदास दहा अक्षरे छापी. चालकाने यंत्राशी बोलावयाचे ते याच दूरमुद्रकावरून, आणि त्या जागेस ‘कन्सोल’ म्हणत. हैदराबादेस १९६७ साली इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली आणि १९६९ साली तिने टीडीसी-१२ हा संगणक बाजारात आणला. टीडीसी म्हणजे ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर; यंत्राचे मूळ मुंबईच्या अणुशक्ती केंद्रात, कारखाना हैदराबादेत. आपल्या प्रांताच्या राजधानीत संगणक घडविला जाऊ लागला तो असा.

पुढे दूरमुद्रकाचा कागद गेला आणि काचेचा पडदा आला. डिजिटल कंपनीचा व्हीटी-१०० हा पडदा १९७८ सालचा, आणि त्याने असा काही शिरस्ता घालून दिला की पुढची सारी टर्मिनले त्याची नक्कल करू लागली. कागद गेला तरी तार तीच राहिली. युनिक्स नावाची जी कार्यप्रणाली त्याच सुमारास पसरली, तिने टर्मिनलास दूरमुद्रकाच्या इंग्रजी नावातील तीन अक्षरे घेऊन ‘टीटीवाय’ म्हटले. आज लिनक्स चालविणारा विद्यार्थी आपल्या संगणकास जुनी तार जोडतो, तेव्हा त्या तोंडाचे नाव ‘टीटीवाय’ या अक्षरांनीच आरंभ होते. दूरमुद्रक कधी न पाहिलेल्या मुलाच्या पडद्यावर दूरमुद्रकाचे आडनाव उमटत असते.

आपल्या जिल्ह्यापर्यंत हे सारे कधी आले? राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, ज्यास आपण ‘एनआयसी’ म्हणतो, ते १९७६ साली दिल्लीत स्थापन झाले आणि डॉ. एन. शेषगिरी यांच्या नेतृत्वाखाली त्याने ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात देशातील जिल्ह्यांची ठाणी उपग्रहाने जोडण्याचे ‘निकनेट’ हे जाळे विणले. दिल्ली, पुणे, भुवनेश्वर आणि हैदराबाद येथे मोठी जपानी यंत्रे होती. जिल्ह्याच्या ठिकाणी लहान यंत्र आणि छोटी तबकडी असे. पैनगंगेच्या या तीरावरचा जिल्हा हैदराबाद केंद्राकडे पाही, त्या तीरावरचा यवतमाळ पुण्याकडे. त्यामागोमाग बँका आल्या. रंगराजन समितीच्या शिफारशींनंतर ऐंशीच्या दशकात बँकांच्या शाखांतून यंत्रे बसू लागली. कामगार संघटनांचा विरोध, मोर्चे, हे आपणांपैकी अनेकांस आठवत असेल. बँकांच्या पाठीमागे व्यापारी आले. एक मध्यवर्ती यंत्र, त्याच्या पाठीमागे आठ तोंडांची पट्टी, आणि प्रत्येक तोंडातून निघालेली तार एकेका मेजावरच्या टर्मिनलाकडे गेलेली, अशी ती व्यवस्था. आर-एस २३२ च्या संकेताप्रमाणे तार पन्नास फुटांपलीकडे नेऊ नये. आपल्याकडे ती खुशाल गच्चीवरून शेजारच्या इमारतीत नेलेली असे, आणि बहुतेक वेळा ती कामही करी.

येथे मला लिपीविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. आपल्या सीमाभागाच्या दृष्टीने या कथेचा गाभा तोच आहे.

इंग्रजी अक्षरांसाठी १९६३ साली जो आस्की संकेत ठरला, तो सात खुणांचा, म्हणजे एकशेअठ्ठावीस जागांचा. आठवी खूण मोकळी होती. त्या आठव्या खुणेच्या बळावर पुढच्या एकशेअठ्ठावीस जागा भारतीय लिप्यांना द्याव्यात, हा विचार कानपूरच्या आयआयटीत रुजला. तेथील देवनागरी टर्मिनल १९८३ साली दिल्लीच्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात लोकांसमोर आले. त्या कामात असलेले मोहन तांबे पुढे पुण्यास आले. १९८८ साली डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ने हे तंत्रज्ञान ‘जिस्ट’ या नावाने घरोघर नेले. सी-डॅक म्हटले की लोकांना १९९१ सालचा ‘परम’ महासंगणक आठवतो, आणि ते योग्यच आहे. पण सामान्य कारकुनाच्या दृष्टीने पाहिले तर मला जिस्ट हे अधिक मोठे कार्य वाटते. परम पाहावयास लोक पुण्यास जात. जिस्ट मात्र आदिलाबादेसारख्या गावी मेजावर येऊन बसले.

संकेताचे नाव इस्की. १९९१ साली भारतीय मानक ब्युरोने त्यास तेरा हजार एकशेचौऱ्याण्णव क्रमांकाचे मानक म्हणून मान्यता दिली. त्याची रचना अशी, की ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिप्यांतील ‘क’ एकाच क्रमांकावर. तो क्रमांक १७९. देवनागरीचा ‘क’ १७९, तेलुगूचाही १७९. कोणत्या लिपीत दाखवावयाचे एवढे सांगण्यासाठी २३९ हा एक विशेष संकेत आधी पाठवावयाचा आणि त्यामागून देवनागरीसाठी ६६ किंवा तेलुगूसाठी ६९. जिस्टच्या टर्मिनलावर तर नुसती कळ दाबून लिपी बदलता येई. यंत्राच्या पोटात नाव एकदाच लिहिलेले. मराठी मुनीमाने पाहिले तर देवनागरीत दिसे, तेलुगू हिशेबनीसाने पाहिले तर तेलुगूत. दोन भाषांत दोन वह्या लिहिण्याची आपल्या जिल्ह्यातील जुनी चाल या यंत्राने निकालात काढली. आणि गंमत अशी, की मध्यवर्ती यंत्रास याचा पत्ताही नसे. ते मुकाट्याने आठ खुणांचे आकडे तारेवर सोडी. त्यांची अक्षरे करण्याचे काम सर्वस्वी टर्मिनलाचे.

आता या जागी एक मेख आहे. समजा, तारेची मांडणी सात खुणांची आहे आणि आठवी खूण वाटेत गळाली. १७९ मधून १२८ गेले की उरतात ५१, आणि आस्कीत ५१ म्हणजे इंग्रजी तीनचा आकडा. ‘क’ पाठविला आणि ‘तीन’ पोहोचला! ‘आदिलाबाद’ हे नाव असे गळक्या तारेतून पाठविले तर पलीकडे उमटते ते टक्क्याचे चिन्ह, मग डी, डाव्या अंगाचा चौकोनी कंस, क्यू, झेड, जे, झेड आणि डी. जुन्या यंत्राच्या तबकडीत असली अक्षरे दिसली म्हणून ‘माहिती खराब झाली’ असा शेरा मारून यंत्र भंगारात काढल्याचे मी एकाहून अधिक ठिकाणी ऐकले आहे. माहिती शाबूत होती. तारेचा एक बिट हरवला होता.

काही वर्षांपूर्वी आपल्याच तालुक्यातील एका बंद पडलेल्या जिनिंगच्या कचेरीत मला असे एक यंत्र पाहावयास मिळाले. धनी कोण हे सांगण्याचे प्रयोजन नाही. नव्वदच्या दशकातील युनिक्सचे यंत्र, पडदा गेलेला, जिस्टची टर्मिनले केव्हाच विकलेली, पण पाठीमागची आठ तोंडांची पट्टी जागेवर होती. अशा यंत्रास प्रथमच वीज देऊ नये. आधी धूळ काढावी, वीजपुरवठ्याचा संच वेगळा तपासावा, त्यातील फुगलेले कपॅसिटर बदलावेत. तेवढे झाल्यावर मग तारेचे पाहावे. पंचवीस काट्यांच्या जोडणीत दुसरा काटा बोलण्याचा, तिसरा ऐकण्याचा आणि सातवा दोहोंच्या समान भूमीचा. १९८४ साली आयबीएमच्या एटी यंत्राबरोबर नऊ काट्यांची जी जोडणी आली, तीत दुसरा ऐकण्याचा, तिसरा बोलण्याचा आणि पाचवा भूमीचा. दोन्ही यंत्रे मूळची बोलकी, मध्ये मोडेम नाही. म्हणून याच्या तोंडाची तार त्याच्या कानाकडे आणि त्याच्या तोंडाची याच्या कानाकडे अशी उलटवून द्यावी लागते. हातमिळवणीच्या उरलेल्या तारा मागितल्या गेल्याच, तर त्या आपल्याच टोकाशी गुंडाळून यंत्राची समजूत घालता येते.

आजच्या लॅपटॉपला हे तोंड नसते, यूएसबीचे असते. म्हणून मध्ये एक परिवर्तक घ्यावा लागतो. तो घेताना एक गोष्ट पाहावी. जुन्या तारेवर ‘एक’ म्हणजे उणे तीन ते उणे पंधरा व्होल्ट आणि ‘शून्य’ म्हणजे अधिक तीन ते अधिक पंधरा. बाजारात स्वस्तात मिळणारे काही परिवर्तक केवळ तीन किंवा पाच व्होल्टचे असतात, आणि त्यांचा एक-शून्याचा अर्थही उलटा असतो. तसला परिवर्तक थेट जोडला तर तो जळतो.

मग वेग. बहुतेक यंत्रे ९६०० वर बोलत. आठ खुणा, पुढे ‘सुरू’ आणि मागे ‘थांब’ मिळून प्रत्येक अक्षरास दहा; म्हणजे सेकंदास ९६० अक्षरे. पहिल्या तोंडास मी तार लावली तेव्हा प्रवेशाची सूचना अर्धी वाचता येत होती आणि अर्धी विचित्र चिन्हांची. वेग चुकला असता तर सारेच चिन्हांचे दिसते. अर्धी अक्षरे बरोबर येतात तेव्हा ते तोंड सात खुणांचे आणि आठव्या जागी शहानिशेची, म्हणजे पॅरिटीची, खूण पाठविणारे असते. याचा अर्थ ते इंग्रजी टर्मिनलाचे तोंड होते आणि त्यावरून मराठी अक्षर कधीच आले नसते. क्रमाक्रमाने सगळी तोंडे तपासता पाचव्या तोंडावर स्वच्छ सूचना उमटली. तेथे आठही खुणा मोकळ्या होत्या. ते जिस्टचे मेज. त्या मेजावर बसणारे वृद्ध मुनीम गावातच राहतात. त्यांना परवलीचा शब्द विचारला तर तोंडाने सांगता येईना. पण माझ्या लॅपटॉपच्या कळांवर त्यांनी हात ठेवला आणि बोटांनी तो आपोआप लिहिला.

चाळीस मेगाबाइटची तबकडी सेकंदास ९६० अक्षरांच्या वेगाने उतरवून घ्यावयाची तर बारा तासांहून अधिक लागतात. नुसते पडद्यावर सोडून टिपून घेतले तर मध्येच एखादे अक्षर गळाले तरी कळत नाही. या कामासाठी कोलंबिया विद्यापीठात १९८१ साली ‘कर्मिट’ नावाची पद्धती तयार झाली. ती प्रत्येक पुडक्याची बेरीज तपासते, चुकले तर पुन्हा मागते, आणि आठवी खूण न चालणाऱ्या तारेवरही ती खूण वेगळ्या चिन्हाने सांगून सुखरूप पोहोचविते. लहान मुलांच्या कार्यक्रमातील एका बेडकाचे नाव तिला दिलेले आहे. सुदैवाने त्या यंत्रात कर्मिट होते. रात्रभर तबकडी कुरकुरत राहिली आणि सकाळी नक्कल पुरी झाली.

नंतरचे काम घरी बसून करण्याचे. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, तीत भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीच्याच जुन्या आवृत्तीवरून घेतलेली आहे; देवनागरीचा ‘क’ आणि तेलुगूचा ‘क’ आपापल्या दालनात एकाच क्रमांकाच्या खोलीत राहतात. विंडोज प्रणालीत इस्की देवनागरीसाठी ५७००२ आणि तेलुगूसाठी ५७००५ क्रमांकाची कोष्टके आहेत. तथापि कोष्टकावर सर्वस्वी विसंबून चालत नाही. मराठीत ‘दर्या’ निराळा आणि ‘दऱ्या’ निराळ्या. ‘आचार्यांना’ दिलेली दक्षिणा आणि ‘आचाऱ्यांना’ दिलेली दक्षिणा एक नव्हे. हा अर्धा ‘र’ इस्कीत वेगळ्या ‘ऱ’ला हलन्त जोडून लिहीत. लिप्यंतर करणाऱ्याने तेवढे भान ठेवले नाही तर ‘शेतकऱ्याच्या’ नावे पडलेली नोंद ‘शेतकर्याच्या’ नावे जाते. अर्थाची हानी नाही, पण शब्द शोधू जाता सापडत नाही.

आणि त्या नोंदी कशाच्या होत्या? महाराष्ट्रात १९७२ च्या हंगामापासून सुमारे तीन दशके कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. शेतकऱ्याने कापूस सरकारी यंत्रणेसच द्यावा, अन्यत्र विकू नये, असा कायदा. पैसे उशिरा मिळत, आणि पैनगंगेच्या अलीकडे आदिलाबादेत रोकडा भाव असे. रात्रीच्या बंड्या नदी उतरून येत ही गोष्ट सीमेवरच्या कुणालाही नवी नाही; मात्र ती महाराष्ट्राच्या खरेदीच्या आकड्यांत असणे शक्य नाही आणि चोरून आलेल्या मालाची पावती शेतकऱ्यापाशी उरणेही शक्य नाही. नोंद राहिली असेल तर ती घेणाऱ्याच्या वहीत. त्या तबकडीत ती वही होती. तारीख, गाव, नाव, क्विंटल, भाव. गावांची नावे केळापूर आणि किनवट तालुक्यांतली. १९५६ साली आखलेली सीमा कापसाने किती मानली, हे सांगणारा याहून प्रत्यक्ष पुरावा माझ्या पाहण्यात नाही.

पण पुरावा हाती आला म्हणून तो छापावा काय? ज्यांची नावे त्या वहीत आहेत त्यांतील बरेच आज हयात आहेत, आणि त्या काळच्या कायद्याने ते गुन्हेगार ठरत होते. मुनीम माझ्याशेजारी बसून पडदा वाचीत होते, एका नावाशी थांबले आणि म्हणाले, “हे राहू द्या साहेब. पोराच्या लग्नाला पैसे पाहिजे होते त्याला.” धन्यांचे म्हणणे, सारे पुसून टाका. माझे मत असे, की गावनिहाय आणि हंगामनिहाय बेरजा अभ्यासकांस खुल्या कराव्यात, नावे कुलपात ठेवावीत आणि पुसू काहीच नये. राजवाड्यांनी छापलेल्या पत्रांतही कोणाच्या कर्जाची, कोणाच्या फितुरीची लाज होतीच. पण मध्ये पिढ्या गेल्या होत्या. आपल्याला तेवढा काळ थांबावे लागेल, आणि थांबता यावे म्हणून आधी नक्कल हवी. बऱ्याच चर्चेनंतर धन्यांनी एवढे मान्य केले. नक्कल दोन ठिकाणी ठेवली आहे. नावांचा भाग मोहोरबंद आहे. यंत्राची मूळ तबकडी त्या रात्रीनंतर पुन्हा फिरली नाही.

हे एका कचेरीचे झाले. कागदनगरच्या कागद गिरणीचा, बेल्लमपल्ली-मंदमर्रीच्या कोळसा खाणींचा, आदिलाबादच्या सिमेंट कारखान्याचा, सहकारी पतपेढ्यांचा आणि बाजार समित्यांचा त्या दशकातील हिशेब कोठे आहे, याची यादी कोणी केलेली नाही. या शाळेचे माजी विद्यार्थी या साऱ्या ठिकाणी नोकरीस होते, काही या सभेत समोर बसले आहेत. ज्यांना असे यंत्र कोठे पडून असल्याचे ठाऊक असेल त्यांनी कृपा करून शाळेच्या कार्यालयात गाव, कचेरी आणि तेथे त्या काळी काम करणाऱ्या माणसाचे नाव एवढे लिहून द्यावे. यंत्र उघडू नये, त्यास वीज देऊ नये, आणि त्याच्या पाठीमागे लोंबणारी तार निरुपयोगी म्हणून कापून टाकू नये. कोणती तार कोणत्या तोंडात होती, त्यावर चिकटपट्टी लावून अंक घालावा आणि मगच ती काढावी.